ब्रेकबाईंचे दहा दिवस

मोटार शिकवणाऱ्या त्या शाळेत शिक्षक चार. त्यांतल्या तिघांना गाडी उत्तम चालवता येई. शिकवणं मात्र त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नव्हतं. चौथी ब्रेकबाई. हे नाव तिला शिकणाऱ्यांनी दिलं होतं. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. बाकीचे तिघे तो ऊठसूट दाबत, आणि शिकणारा बिचारा दचकून सुकाणूच सोडून देई. ब्रेकबाईचा पाय त्यावर नुसता टेकलेला असे. समोरचा ट्रक अगदी नाकाशी येईपर्यंत ती दाबत नसे.

"बाई, मारायचा ना ब्रेक!" घामाघूम झालेला माणूस ओरडे.

"तुमचा पाय काय भाड्याने दिलाय?" ती शांतपणे विचारी.

अशा रीतीने तिने अकरा वर्षांत शेकडो माणसं रस्त्याला लावली होती. साठीच्या बाया, थरथरणारे नवरदेव, डावं-उजवं न कळणारे प्राध्यापक, सगळे. शाळेचे मालक तिला समोर कधी चांगलं म्हणत नसत, पण कठीण गिऱ्हाईक आलं की बिनदिक्कत तिच्या गळ्यात मारत.

हे झालं महिन्यातल्या अठरा-वीस दिवसांचं. उरलेल्या दिवसांची गोष्ट वेगळी होती.

एखाद्या सकाळी डोळे उघडायच्या आधीच तिला कळे, की आलं. काय आलं ते सांगता येत नसे. नवऱ्याने कपात चमचा फिरवला तरी तो आवाज थेट दातांत शिरे. सीटबेल्ट एका फटक्यात लागला नाही म्हणून डोळ्यांत पाणी येई. शाळेत दोघं बोलत उभे दिसले की आपल्याबद्दलच चाललंय याची खात्री पटे. आणि या सगळ्याच्या तळाशी एक थंडगार विचार बसलेला असे, की आपण सगळ्यांना नकोशा झालो आहोत, केवळ भिडेखातर कुणी बोलत नाही. त्या दिवसांत ती शिकणाऱ्यांना नदीवरच्या लांब पुलाकडे नेतच नसे. कुणी विचारलं तर रस्त्याचं काम चाललंय म्हणे. खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग पाळी येई, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं निवळे. पंखा बंद झाल्यावर कळावं, की अरे, इतका वेळ हा आवाज चालू होता, तसं. पुढचे चार दिवस मग माफी मागण्यात जात. सासूची माफी, नवऱ्याची माफी, जिच्यावर खेकसली होती त्या शिकाऊ मुलीची माफी. माफी मागण्यात ती इतकी तरबेज झाली होती, की त्याचीही एक शाळा काढता आली असती.

दोन वर्षांपूर्वी ती घराजवळच्या डॉक्टरांकडे गेली होती. "पाळीच्या आधी मी माणसात राहत नाही," असं तिने सांगितलं. डॉक्टरांनी मान वर न करता लिहायला सुरुवात केली.

"सगळ्याच बायकांचं असतं. लोहाच्या गोळ्या देतो. फिरायला जा. मन रमवा."

मन कुठे रमवायचं ते चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं. गोळ्यांनी पोट तेवढं बिघडलं.

नवऱ्याचा धंदा बाटल्या तपासण्याचा. काचेच्या कारखान्यात तो निरीक्षक होता. दिव्यापुढून बाटल्यांची रांग सरकत जाई, आणि कुठे बुडबुडा, कुठे तडा, कुठे वाकडं तोंड दिसलं की हा बाटली उचलून बाजूला टाकी. दिवसाला हजारो. कामात एकदम पक्का. अडचण एवढीच, की संध्याकाळी घरी येताना तो ती नजर कारखान्यात ठेवून येत नसे. टॉवेलची घडी, भिंतीवरचा डाग, बायकोचा चेहरा, सगळं तो उजेडात धरून बघे. स्वतःकडे बघायला बहुधा दिवा पुरत नसावा.

तर त्या महिन्यात मालकांनी ब्रेकबाईच्या गळ्यात एक दंतवैद्य मारला. वय पन्नास, आणि जगात आपल्याला न येणारी एकमेव गोष्ट मोटार आहे, हेही त्याला मान्य नव्हतं. ती 'गिअर बदला' म्हणाली की तो गाडीचं यंत्र कसं चालतं ते तिला समजावून सांगे. तिसऱ्या दिवशी भर चौकात, लाल दिव्यावर, त्याने तीनदा गाडी बंद पाडली. मागे भोंग्यांचा कल्लोळ उठला.

"क्लच हळू सोडा," ती म्हणाली. आवाज जरा चढलाच.

दंतवैद्य हसला. पेशंटच्या तोंडात हात घालण्यापूर्वी हसत असेल तसा. "शांत व्हा बाई. एवढं चिडायला काय झालं? ते दिवस आलेत की काय?"

ब्रेकबाईने गाडीची किल्ली काढली. दार उघडलं, खाली उतरली, दार व्यवस्थित लावलं आणि चालायला लागली. किल्ली तिच्या मुठीत आणि दंतवैद्य चौकाच्या मधोमध. पुढचा पाऊण तास त्या चौकातली वाहनं हलली नाहीत. लोकांनी त्या विद्वानाला गाडीसकट ढकलत कडेला नेलं, आणि ढकलताना यंत्रशास्त्रापलीकडचे बरेच शब्द त्याच्या कानावर घातले.

ब्रेकबाई एका बागेच्या कठड्यावर बसून रडत होती. आपण केलं ते तिला चुकीचं वाटत होतं, आणि पुन्हा तसंच करावंसंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी.

मालकांनी तिला महिनाभर घरी बसायला सांगितलं.

निरीक्षकाला हे कळलं तेव्हा तो चिडला नाही. उलट त्याचा चेहरा समाधानाने फुलला. शंका घेतलेल्या बाटलीत खरोखर बुडबुडा सापडावा, तसा. रविवारी त्याने आपल्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं, आईला खुर्चीत बसवलं, बायकोला समोर बसवलं आणि कपाटातून एक वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची.

"गेले चौदा महिने मी हे लिहितोय," तो म्हणाला. "कुणाला खोटं वाटायला नको."

आणि तो वाचू लागला.

"तीन तारीख. चहा गार आहे एवढंच म्हटलं. कप सिंकमध्ये फेकला. चार तारीख. आईने तिचं कपाट आवरलं म्हणून आईशी अबोला. पाच तारीख. कारण नसताना रडणे, पंचेचाळीस मिनिटं. सहा तारीख. 'तू मला बाटलीसारखं उजेडात धरून बघतोस' असे उद्गार."

ब्रेकबाईला आश्चर्य रडण्याचं वाटलं नाही, पंचेचाळीस मिनिटांचं वाटलं. म्हणजे ती न्हाणीघरात तोंडात टॉवेल कोंबून रडत होती, तेव्हा हा गृहस्थ दाराबाहेर घड्याळ लावून उभा होता. दार वाजवावं, असं चौदा महिन्यांत त्याला एकदाही सुचलं नाही.

नणंदेने नाक मुरडलं. "आम्हाला काय पाळ्या येत नाहीत? आम्ही नाही कुणाला भर रस्त्यात सोडून आलो."

"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," सासू म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

निरीक्षकाने शेवटी आपला बेत सांगितला. बायकोला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं. तिचं डोकं ठिकाणावर नाही असं एकदा लेखी मिळालं, म्हणजे पुढे काय करायचं ते ठरवता येईल. 'पुढे काय' हे त्याने उघड केलं नाही. नणंदेला मात्र ते माहीत असावं, कारण तिने समजूतदारपणे मान हलवली.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. निरीक्षकाने बसायच्या आधीच वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. दहा मिनिटं खोलीत फक्त पानांचा आवाज. निरीक्षक मधून मधून 'ते पुढचं बघा' म्हणत होता. बाईंनी मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर आणलं, पेन्सिल घेतली आणि वहीतल्या तारखांवर एकेक खूण करत गेल्या.

"मधले दिवस कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. "पहिल्या महिन्यात तीन ते बारा रोज लिहिलंय. तेरा ते तीस काहीच नाही. वही हरवली होती का?"

"तेव्हा काही घडत नाही. तेव्हा ती चांगली वागते," निरीक्षक म्हणाला. "म्हणजेच बघा, मनात आलं तर वागता येतं तिला."

"असं चौदाही महिने?"

"चौदाही."

बाई ब्रेकबाईकडे वळल्या. "पाळीच्या तारखा कुठे लिहिल्यात?"

ब्रेकबाईने पर्समधून शिकवणीची छोटी डायरी काढली. पहिल्या दिवशी तिच्या कंबरेतून कळा येत, म्हणून त्या तारखेला ती लांबची फेरी घेत नसे आणि कोपऱ्यात फुली मारून ठेवी. बाईंनी फुल्या कॅलेंडरवर उतरवल्या. प्रत्येक महिन्यात खुणांची रांग फुलीपाशी येऊन थांबत होती. एखाद-दोन दिवस पुढे, बस.

"साहेब, तुम्ही फार मोठं काम केलंत," बाई निरीक्षकाला म्हणाल्या. तो खुलला. "आयुष्यात इतकं नेटकं टिपण मी पाहिलेलं नाही. चौदा महिने तुमच्या डोळ्यांसमोर एक आजार दर महिन्याला तारखेवर येत होता, तारखेवर जात होता, आणि तुम्ही तो नीट टिपून घेतलात. फक्त तुम्हाला वाटलं, आपण गुन्हे टिपतोय. आता बाहेर बसा."

तो बाहेर गेल्यावर बाईंनी विचारलं, "जगू नये असं वाटतं त्या दिवसांत?"

ब्रेकबाईने पुलाचं सांगितलं. पहिल्यांदाच, आणि सांगताना तिचा आवाज असा सपाट होता की तिचा तिलाच परका वाटला. बाईंनी चमकून बघितलं नाही की हळहळ केली नाही. त्या दिवसांत कुणाला फोन करायचा, कुणाजवळ बसायचं, ते आधी कागदावर लिहून घेतलं, स्वतःचा नंबर त्यात वर घातला, आणि मगच बाकीचं बोलल्या.

"हे बहुधा पीएमडीडी आहे. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल. पाळीच्या आधी थोडं चिडायला बऱ्याच जणींना होतं. हे ते नव्हे. शंभरात तीन-चार, फार तर पाच जणींना होतं, आणि घर, नोकरी, कधी कधी जीव जाण्यापर्यंत नेतं. तुमचे हार्मोन तपासले तर व्यवस्थित निघतील. मग लोक म्हणतील, बघा, काहीच नाही. हार्मोन सगळ्यांचेच वरखाली होतात. तुमचा मेंदू त्या वरखाली होण्याला फार जोरात उत्तर देतो. यात तुमचा स्वभाव कुठेही नाही."

"मग अकरा वर्षं मी माफी कशाची मागतेय?"

"ते मला काय माहीत? कप फेकल्याची मागा. आजारी असल्याची नका मागू."

बाईंनी आजारावर लगेच शिक्का मारला नाही. दोन महिने रोज संध्याकाळी, चांगल्या दिवशीसुद्धा, तिने स्वतः लिहायचं: झोप, राग, रडू, काम जमलं का. नवऱ्याच्या हातचं नको, म्हणाल्या. पुलाचं ऐकलं असल्याने त्या दोन महिन्यांत दर आठवड्याला मात्र बोलावलं. दोन महिन्यांनी चित्र तेच निघालं आणि गोळी सुरू झाली. नैराश्यावर देतात तीच. पण ब्रेकबाईने ती पाळीच्या आधीचे दोन आठवडेच घ्यायची होती.

पहिल्या महिन्यातच फरक पडला. जादू झाली नाही. दोन दिवस अजूनही जड जात, चमचा अजूनही वाजे. पण दातांत शिरत नसे. तो तळाचा थंड विचार एकदा येऊन गेला, आणि ती त्याला म्हणाली, आलास? बस. पाच दिवसांत जाशील. आणि तो गेला.

एके दुपारी ती भाजी चिरत असताना सासू स्वयंपाकघरात आली आणि उगाच डबे सरकवत राहिली.

"त्या डॉक्टरीणबाईंनी, पाळी कायमची गेल्यावर याचं काय होतं, ते सांगितलं का गं?"

"थांबतं म्हणाल्या, आई."

सासूने डबा जागेवर ठेवला. "माझंही थांबलं. पन्नाशीत. मी म्हटलं, चला, उशिरा का होईना, अक्कल आली." दुसरा डबा पुसत ती म्हणाली, "मी सामानाच्या खोलीत कडी लावून बसायची. दर महिन्याला. मुलं दारावर थापा मारायची. तुझे सासरे म्हणायचे, वारं शिरलंय हिच्यात, उतरेल."

"त्या रविवारी बोलला नाहीत, आई."

"भीती वाटली," सासू म्हणाली. "त्या वहीत माझंही नाव निघेल असं वाटलं."

ब्रेकबाईने सुरी खाली ठेवली. तिला राग आला, आणि तो आल्याबरोबर तिने बोटांवर दिवस मोजले. पाळी होऊन सहा दिवस झाले होते. म्हणजे राग तिचा स्वतःचा होता. तिला तो राहू द्यावासा वाटला. सासूचा हात धरावासाही वाटला. तिने हात धरला.

निरीक्षकाचं मात्र आता निराळंच सुरू झालं होतं. आजार आपणच शोधून काढला, असं तो कारखान्यात सांगत सुटला. "डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या, इतकं नेटकं टिपण पाहिलं नाही!" घरी त्याला एक नवं हत्यार मिळालं होतं. ती म्हणाली, आज भांडी तू घास. तो म्हणे, गोळी घेतलीस का? ती म्हणाली, या महिन्याचं गॅसचं बिल तू भरायचं होतंस. तो प्रेमळपणे विचारी, गोळी घेतलीस का?

महिन्याची सक्तीची सुट्टी मालकांनी एव्हाना तीन महिन्यांवर नेली होती. ती कामावर रुजू व्हायला गेली तेव्हा मालकांनी तिला मोठ्या आदराने खुर्ची दिली आणि टेबलावर पावत्यांचं पुस्तक ठेवलं.

"तुम्ही आता कार्यालयातच बसा. तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता. तब्येतीचं सगळं सांगितलंय त्यांनी. गाडीत नको म्हणाले."

ब्रेकबाई उठली. "उद्या येते," म्हणाली, आणि सरळ घरी आली. निरीक्षक सोफ्यावर होता, सासू स्वयंपाकघराच्या दारात.

"तू मालकांना फोन केलास?"

"तुझ्या भल्यासाठीच."

"मला न विचारता?"

"हे बघ, आवाज चढवू नकोस. गोळी घेतलीस का?"

"ती हळूच बोलतेय," दारातून सासू म्हणाली. "चढलाय तो तुझा."

ब्रेकबाईचा आवाज खरंच चढला नव्हता. तिला स्वतःलाच नवल वाटलं. "पाळी येऊन आज आठवा दिवस आहे," ती म्हणाली. "आज गोळी घ्यायची नसते, आणि आज मला काहीही होत नाहीये. ऐक. गेल्या वर्षी मी कप फेकला ते वाईट केलं. पण त्याच दिवसांत जे बोलले होते, ते आज नीट आठवून बघितलं. तू मला विचारत नाहीस, बघत राहतोस, हे तेव्हाही खरं होतं. फक्त तेव्हा मी ओरडून सांगितलं, म्हणून तुला ऐकायची गरज पडली नाही."

"म्हणजे मी तुझ्यासाठी एवढं केलं त्याचं काहीच नाही?"

"काय केलंस?"

निरीक्षकाने कपाटातून निळी वही काढली आणि पानं उलटली. हजारो बाटल्यांतला दोष क्षणात सांगणाऱ्या माणसाला एक गोष्ट सापडेना.

आठवडाभरात तिने सरावाच्या मैदानाजवळ एक खोली घेतली. तो अडवायला आला नाही. बायको गोळ्यांच्या परिणामाने घर सोडून गेली, असं त्याने लोकांना सांगितलं, आणि ज्यांना तसं मानायचं होतं त्यांनी मानलं.

त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे ती मालकांकडे गेली होतीच. "पावत्या मला फाडता येत नाहीत," ती म्हणाली. "महिन्यातले दोन-तीन दिवस मी नवशिक्यांना मैदानातच शिकवीन, रस्त्यावर नेणार नाही. ते दिवस मी आधी सांगेन. तुमचा पाय सुजतो तेव्हा तुम्ही आठवडाभर येत नाही, आम्ही विचारतो का कधी?"

"अहो, पण उद्या सगळ्याच बायका असं म्हणाल्या तर?"

"तुमच्याकडे बाई मी एकटीच आहे," ब्रेकबाई म्हणाली.

मालकांनी थोडा वेळ हिशेब केल्यासारखं केलं. बाहेर बाकावर चार माणसं तिचीच वाट बघत बसली होती, आणि बाकीचे तिघे शिक्षक आत चहा पीत होते. मालकांनी गाडीची चावी पुढे सरकवली.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी नणंदेचा फोन आला. ती आधी हवेबद्दल बोलली, मग आईच्या गुडघ्यांबद्दल. शेवटी नणंदेचा आवाज खाली आला. तिची मुलगी पंधराची. दर महिन्याला आठ दिवस शाळेत जात नाही, वह्या फाडते, परवा म्हणाली, मी नसते तर तुमचं बरं झालं असतं.

"आईने सांगितलं तुला फोन कर म्हणून. तू आधीच नाही का गं सांगायचंस आम्हाला, की हे इतकं असतं?"

ब्रेकबाईच्या जिभेवर चांगली चार-पाच उत्तरं आली. एकापेक्षा एक धारदार, आणि एकही खोटं नव्हतं. मुलगी पंधराची होती. ती उत्तरं तिने राहू दिली.

"आत्ता कुठे आहे ती?" तिने विचारलं.

"आत. दार लावून बसलीये."

"मग फोन ठेवा आणि दार वाजवा. उघडलं नाही तरी बाहेर बसा, बोलत राहा. आज तिला एकटीला सोडायचं नाही. डॉक्टरीणबाईंचा नंबर पाठवते, आत्ताच लावा. उद्या सकाळी मी येते, तिघी मिळून जाऊ."

"आणि मी काय बोलू तिच्याशी?"

"काही नाही," ब्रेकबाई म्हणाली. "विचारा, आत येऊ का म्हणून."

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, बंद मात्र केला नव्हता. मग पावलं, आणि दारावर पडलेली एक अवघडलेली, सवय नसलेली थाप.